फेसलिफ्ट : शस्त्रक्रियेची निवड आणि व्रणांची निगा

फेसलिफ्टचा, म्हणजे चेहऱ्याची आणि मानेची सैल कातडी शस्त्रक्रियेने उचलून घेण्याचा, विचार करणारी बहुतेक मंडळी आधी चेहरा किती बदलेल याची चौकशी करतात आणि टाक्यांच्या खुणा कुठे राहतील हा प्रश्न त्यांना शस्त्रक्रियेची तारीख ठरल्यावर आठवतो. प्रत्यक्षात हे दोन प्रश्न वेगळे काढता येत नाहीत. कोणत्या पद्धतीने शस्त्रक्रिया करायची हे ठरले की चीर किती लांब, कुठून कुठवर आणि कातडीवर ताण किती, हेही ठरून जाते. आणि व्रण बारीक रेघेसारखा राहणार की रुंद, जाड व काळपट होणार, याचा मोठा भाग त्या ताणावर आणि तुमच्या त्वचेच्या प्रकृतीवर अवलंबून असतो. नंतरची निगा महत्त्वाची आहेच, परंतु ताणून घातलेला टाका कोणत्याही मलमाने सुधारत नाही. म्हणून येथे सुरुवात त्वचेच्या तपासणीपासून केली आहे आणि मलमांचा विषय बराच पुढे येतो. सल्ला घ्यायला जाताना काय विचारावे हे वाचकाला कळावे, एवढाच या लेखाचा उद्देश आहे. तुमच्या चेहऱ्याबाबतचा निर्णय तुमचे डॉक्टर तुम्हाला तपासूनच देतील.

पहिली पायरी : आपली तक्रार फेसलिफ्टची आहे का, हे ठरवा

वय वाढते तशी कातडी सैल पडते, चेहऱ्यातील चरबीच्या गाद्या खाली सरकतात, त्यांना धरून ठेवणारे अस्थिबंध ढिले होतात आणि हाडांचा आधारही काहीसा कमी होतो. याचा परिणाम म्हणून जबड्याची रेघ अस्पष्ट होते, तिच्या दोन्ही बाजूंना मांसल लोंबट भाग तयार होतो आणि मानेवर उभे पट्टे दिसू लागतात. फेसलिफ्ट काम करते ते चेहऱ्याच्या या खालच्या दोन-तृतीयांश भागावर आणि मानेवर. कपाळावरच्या आठ्या, पापण्यांची सैल कातडी, ओठांभोवतीच्या बारीक सुरकुत्या आणि वांग यांवर तिचा काहीही उपयोग होत नाही. पापण्यांसाठी वेगळी शस्त्रक्रिया असते, आठ्यांसाठी बोटॉक्स असते आणि वांगासाठी त्वचारोगतज्ज्ञ असतात. नाकाच्या बाजूने ओठांच्या कोपऱ्याकडे येणारी घडी फेसलिफ्टने कमी होते, नाहीशी होत नाही.

चिरा न देता चेहरा उचलून देण्याच्या जाहिराती सर्वत्र दिसतात. धाग्यांनी चेहरा उचलण्याचा परिणाम थोड्या काळाचा असतो आणि ज्याची कातडी खरोखर लोंबली आहे त्याच्यासाठी तो अपुरा पडतो. ध्वनिलहरींच्या उपचाराने सौम्य सैलपणात थोडाफार फरक पडू शकतो. फिलरने, म्हणजे कातडीखाली टोचून भरायच्या द्रव्याने, खोलगट भाग भरतो, परंतु उचलण्याचे काम त्याच्यावर सोपवून पुन्हा पुन्हा भरत गेले की चेहरा सुजल्यासारखा दिसू लागतो. यांपैकी काहीही पूर्वी केले असेल तर ते शल्यचिकित्सकाला अवश्य सांगावे, कारण धागे आणि फिलर यांमुळे आतील ऊती एकमेकींना चिकटतात आणि शस्त्रक्रिया अवघड होते. वजन कमी करण्याचा विचार असेल तर ते आधी करावे आणि काही महिने स्थिर ठेवावे. फेसलिफ्टनंतर दहा-बारा किलो वजन उतरले तर कातडी पुन्हा सैल पडते.

दुसरी पायरी : आपल्या त्वचेचा पूर्वेतिहास पाहा

व्रणांच्या दृष्टीने ही सर्वांत महत्त्वाची पायरी आहे आणि तिला पैसे लागत नाहीत. आरशासमोर उभे राहून शरीरावरच्या जुन्या खुणा पाहाव्यात. डाव्या दंडावरची बीसीजी लशीची खूण सपाट आहे की तिथे टणक, चकचकीत गाठ झाली आहे? कान टोचल्यावर पाळीवर गाठ आली होती का? सिझेरियनचा किंवा अपेंडिक्सचा व्रण पांढुरक्या रेघेसारखा आहे की दोरीसारखा उंच आणि खाज आणणारा? मुरूम गेल्यावर त्याच्या जागी काळा डाग किती महिने टिकतो? आई-वडिलांना किंवा भावंडांना कीलॉईड, म्हणजे मूळ जखमेची हद्द ओलांडून वाढणारा जाड व्रण, आहे का?

भारतीय त्वचेत रंगद्रव्य अधिक असल्यामुळे तिच्यावर सुरकुत्या उशिरा येतात, हा तिचा गुण. पण त्याच त्वचेत जखमेनंतर काळपट डाग पडण्याची आणि कीलॉईड होण्याची शक्यता गोऱ्या त्वचेपेक्षा अधिक असते. कानाची पाळी हे कीलॉईडचे नेहमीचे ठिकाण आहे आणि फेसलिफ्टची चीर नेमकी तिला वळसा घालून जाते. त्यामुळे पाळीवर एकदा कीलॉईड येऊन गेले असेल, तर फेसलिफ्ट करावीच का, याचा विचार डॉक्टरांबरोबर मोकळेपणाने व्हायला हवा. बीसीजीच्या जागी गाठ असणे हे तेवढे गंभीर नाही, कारण दंडाचा वरचा भाग आणि छाती या जागी तसे एरवीही सहज होते. तरी ते सांगितले पाहिजे.

तंबाखूचा प्रश्न वेगळा आणि अधिक गंभीर आहे. फेसलिफ्टमध्ये कातडी खालच्या थरापासून सुटी केली जाते आणि काही दिवस ती कडेने येणाऱ्या बारीक रक्तवाहिन्यांवर जगते. निकोटिनने त्या वाहिन्या आकसतात आणि कानामागची कातडी काळी पडून मरू शकते. तिथे मग रुंद, ओबडधोबड व्रण राहतो. सिगारेट, विडी, गुटखा, व्हेप, निकोटिनची पट्टी किंवा च्युइंगगम या सर्वांना हे लागू आहे. आपल्याकडे ‘मी तंबाखू खात नाही’ असे सांगणाऱ्या अनेक स्त्रिया सकाळी मशेरी लावतात आणि ते व्यसनात धरत नाहीत, म्हणून तिचा उल्लेख मुद्दाम करतो. मशेरी म्हणजे भाजलेली तंबाखूच. शस्त्रक्रियेपूर्वी किमान चार आठवडे आणि नंतर किमान चार आठवडे हे सर्व बंद असले पाहिजे, आणि बंद करणे जमत नसेल तर शस्त्रक्रिया पुढे ढकललेली बरी.

मधुमेह ताब्यात नसेल तर जखम उशिरा भरते आणि जंतुसंसर्गाची भीती वाढते. रक्तदाब जास्त असेल तर शस्त्रक्रियेनंतर कातडीखाली रक्त साचण्याचा धोका असतो. या दोन्ही गोष्टी आधी आटोक्यात आणाव्यात.

तिसरी पायरी : शस्त्रक्रियेचे प्रकार समजून घ्या

पहिली फेसलिफ्ट बर्लिनचे शल्यचिकित्सक ऑयगेन होलेंडर यांनी 1901 मध्ये केली असे सामान्यतः मानले जाते. त्या काळात कानाजवळची थोडी कातडी कापून उरलेली ताणून शिवत असत. गादी खाली घसरलेली असताना नुसती वरची चादर ताणण्यासारखाच हा प्रकार होता: काही काळ नीटनेटके दिसे, मग पुन्हा जसेच्या तसे, आणि सगळा ताण टाक्यांवर आल्यामुळे व्रण रुंद होत. पुढे स्वीडनचे टोर्ड स्कूग यांनी कातडीबरोबर तिच्या खालचा थरही उचलण्याची पद्धत वापरली, आणि 1976 मध्ये मिट्झ व पेरोनी यांनी त्या स्नायुतंतुमय थराचे नेमके वर्णन प्रसिद्ध केले. हा थर ‘स्मास’ या नावाने ओळखला जातो. आजच्या जवळजवळ सर्व चांगल्या पद्धतींचा आधार तोच आहे. ताण स्मासवर घ्यायचा आणि कातडी त्यावर अलगद, जवळजवळ ताणाविना ठेवून शिवायची, हे त्यामागचे तत्त्व. व्रण बारीक राहण्याचे रहस्यही यातच आहे.

या थराशी काय करायचे यावरून प्रकार पडतात. स्मासला घडी घालून टाक्यांनी वर ओढणे हा सौम्य प्रकार होय. त्याची एक पट्टी कापून कडा जोडणे हा दुसरा. स्मास खालच्या ऊतींपासून सुटा करून पडद्यासारखा उचलणे हा तिसरा, अधिक विस्तृत प्रकार. ‘डीप प्लेन’ पद्धतीत, जिचे वर्णन सॅम हामरा यांनी 1990 मध्ये केले, कातडी आणि स्मास यांना गालावर एकमेकांपासून फारसे वेगळे न करता एकसंध उचलतात आणि खालचे अस्थिबंध मोकळे करतात. यात कातडीचा रक्तपुरवठा चांगला राहतो आणि गालाचा मधला भागही उचलला जातो. मात्र चेहऱ्याची हालचाल घडवणाऱ्या नसेच्या शाखा याच पातळीच्या लगत असल्यामुळे ही पद्धत त्यात नियमित काम करणाऱ्याच्याच हातून करून घ्यावी. सध्या तिचा फार गाजावाजा आहे. माझ्या मते पद्धतीच्या नावापेक्षा, समोरचे डॉक्टर कोणती पद्धत सर्वाधिक वेळा आणि स्वतः करतात, हे विचारणे अधिक शहाणपणाचे आहे.

आखूड चिरेच्या पद्धती ‘मिनी लिफ्ट’ या ढोबळ नावाने विकल्या जातात. त्यांतील ‘मॅक्स लिफ्ट’ ही बेल्जियममधील गेंट येथील टोनार व व्हर्पाले यांनी 2002 च्या सुमारास मांडलेली पद्धत. तिच्यात कानामागची चीर नसते आणि स्मास टाक्यांच्या फासांनी वर टांगला जातो. चाळिशीतल्या, सौम्य सैलपणा असलेल्या व्यक्तीला ती पुरेशी असते. परंतु मानेवर बरीच सैल कातडी असताना केवळ खूण लहान राहावी म्हणून आखूड चीर निवडली तर अतिरिक्त कातडी कानाच्या पाळीपाशी गोळा होऊन चुण्या पडतात, किंवा ती बसवण्यासाठी ताण द्यावा लागतो. व्रणाच्या लांबीला घाबरून असा हट्ट धरू नये. कानाच्या घडीत लपलेली लांब बारीक रेघ ही आखूड पण रुंद चट्ट्यापेक्षा केव्हाही बरी.

मानेवरील उभ्या पट्ट्यांसाठी हनुवटीखाली सुमारे तीन सेंटिमीटरची चीर देऊन दोन्ही बाजूंचे स्नायू मध्यभागी जोडतात. ही चीर बहुधा फेसलिफ्टबरोबरच दिली जाते.

चौथी पायरी : चीर कुठे येणार ते आरशात पाहा

सल्ल्याच्या भेटीत एक गोष्ट आवर्जून मागावी: डॉक्टरांनी मार्किंग पेनने चिरेची रेघ तुमच्या चेहऱ्यावर आखून दाखवावी आणि तुमच्या हातात आरसा द्यावा. कानशिलावरच्या केसांपासून रेघ सुरू होते, कानाच्या पुढच्या घडीतून खाली येते, पाळीला वळसा घालते, कानामागच्या खोबणीतून वर चढते आणि मागे केसांत किंवा केसांच्या कडेने जाते. या मार्गावर तीन ठिकाणी तुमचे मत महत्त्वाचे आहे.

पहिले ठिकाण म्हणजे कानशील. चीर केसांच्या आत घेतली तर खूण लपते, पण कातडी वर-मागे सरकल्यामुळे कल्ल्यांचे केस वर जातात आणि डोळा व कान यांच्यामध्ये केस नसलेली मोकळी जागा वाढते. केसांच्या कडेने घेतली तर केसांची रेषा जागच्या जागी राहते, मात्र खूण उघडी पडते. ही चीर तिरकी देतात, म्हणजे व्रणातूनच केस उगवून ती झाकली जाते. केस आधीच विरळ असतील तर हा निर्णय विशेष काळजीने घ्यावा.

दुसरे ठिकाण कानाच्या भोकासमोरचा छोटा कूर्चेचा उंचवटा, ज्याला डॉक्टर ट्रॅगस म्हणतात. स्त्रियांत चीर बहुधा त्याच्या मागून, कानाच्या आतल्या कडेने नेतात, त्यामुळे ती समोरून दिसत नाही. पुरुषांत तसे केले तर दाढीचे केस असलेली कातडी उंचवट्यावर येते आणि रोज कानावर दाढी करावी लागते. म्हणून त्यांच्यात चीर पुढच्या घडीत ठेवणे बरेचदा श्रेयस्कर ठरते.

तिसरे ठिकाण मानेवरची केसांची मागची कड. तुम्ही केस कसे बांधता हे डॉक्टरांना सांगा, किंवा नेहमीसारखे बांधूनच भेटीला जा. अंबाडा घालून त्यावर गजरा माळणाऱ्या स्त्रीची कानामागची खूण सर्वांना दिसेल. केस मोकळे सोडणारीची दिसणार नाही. अनेक वर्षे जड झुबे घालून पाळीचे छिद्र ओघळले असेल तर त्याची दुरुस्ती याच वेळी करता येईल का, हेही येथेच विचारावे.

डॉक्टरांनी केलेल्या शस्त्रक्रियांची छायाचित्रे पाहताना समोरून घेतलेल्या फोटोंवर समाधान मानू नये. कानाच्या जवळून, केस मागे घेऊन, वर्षभरानंतर काढलेले फोटो मागावेत, आणि तेही आपल्यासारख्या वर्णाच्या रुग्णांचे. त्यात कानाची पाळी पाहावी. ती खाली ओढली जाऊन जबड्याला चिकटल्यासारखी दिसत असेल, तर कातडी पाळीवर ताणून शिवली गेली आहे असे समजावे.

पाचवी पायरी : डॉक्टर, रुग्णालय आणि खर्च

प्लास्टिक सर्जरीतील एम.सीएच. किंवा त्या तोडीची डीएनबी पदवी आणि महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडील नोंदणी तपासून घ्यावी. शस्त्रक्रिया तीन ते पाच तास चालते, म्हणून भूलतज्ज्ञ, ऑक्सिजन आणि रात्रभर देखरेखीची सोय असलेल्या ठिकाणीच ती व्हावी. ब्युटी पार्लरला जोडलेली खोली ही त्याची जागा नव्हे. आरोग्य विम्यात सौंदर्यासाठी केलेली शस्त्रक्रिया वगळलेली असते आणि अशा शस्त्रक्रियेवर वस्तू व सेवा करही लागतो. त्यामुळे मिळालेला आकडा करासह आहे का, त्यात भूल, रुग्णालय, औषधे आणि पुढच्या भेटी धरल्या आहेत का, हे लेखी घ्यावे. रक्त साचल्यास किंवा व्रण बिघडल्यास पुढील उपचारांचा खर्च कोणाचा, हा प्रश्न विचारायला लोक संकोचतात, तो विचारावाच.

परदेशातून येऊन मुंबई-पुण्यात शस्त्रक्रिया करून घेणाऱ्यांनी परतीचे तिकीट किमान दोन-तीन आठवड्यांनंतरचे ठेवावे. टाके निघण्याआधी लांबच्या विमानप्रवासाला निघणे योग्य नाही.

सहावी पायरी : शस्त्रक्रियेपूर्वीचे दोन आठवडे

अॅस्पिरिन, आयब्युप्रोफेनसारखी वेदनाशामके, ई जीवनसत्त्व, माशाच्या तेलाच्या आणि लसणाच्या गोळ्या यांनी रक्तस्राव वाढू शकतो. तुम्ही घेत असलेल्या सर्व औषधांची, आयुर्वेदिक काढे-चूर्णांसह, यादी डॉक्टरांना द्यावी. हृदयविकारासाठी दिलेले रक्त पातळ करणारे औषध स्वतःच्या मनाने कधीही बंद करू नये. तो निर्णय हृदयरोगतज्ज्ञ घेतील. केस रंगवायचे असतील तर आधीच रंगवून घ्यावेत, कारण पुढे पाच-सहा आठवडे रंग लावता येणार नाही. पुढून बटणे असलेले दोन-तीन सैल कपडे काढून ठेवावेत. डोक्यातून घालायचा कुर्ता पट्टीवर घासतो.

तारीख ठरवताना घरातले लग्न डोळ्यांपुढे असेल, तर एक गोष्ट लक्षात घ्यावी. सूज आणि निळेजांभळे डाग दोन-तीन आठवड्यांत बरेच ओसरतात, परंतु व्रण सर्वांत लाल, टणक आणि उठून दिसणारा असतो तो साधारण दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात. त्यामुळे लग्नाच्या दोन महिने आधी शस्त्रक्रिया करणे हा सर्वांत वाईट मुहूर्त ठरतो. सहा महिने हाताशी असावेत.

सातवी पायरी : पहिला पंधरवडा

पहिले चोवीस तास सर्वांत जोखमीचे. कातडीखाली रक्त साचणे ही फेसलिफ्टची सर्वाधिक आढळणारी गुंतागुंत आहे आणि ती स्त्रियांपेक्षा पुरुषांत जास्त दिसते. एकाच बाजूला अचानक वाढणारी सूज, घट्टपणा आणि वाढत जाणारी वेदना दिसली की सकाळची वाट न पाहता त्याच क्षणी डॉक्टरांना कळवावे. साचलेले रक्त वेळेत काढले नाही तर वरची कातडी मरते. उलटी, खोकला, बद्धकोष्ठतेत कुंथणे आणि खाली वाकणे यांनी रक्तदाब वाढतो, म्हणून त्यांच्यावर आधीच उपाय करून घ्यावा. श्वास घेण्यास त्रास, पोटरीला सूज, ताप, पू किंवा कानामागची कातडी काळी पडणे याही तातडीने कळवण्याच्या गोष्टी आहेत.

डोके तीसेक अंशांनी उंच ठेवून पाठीवर झोपावे. कातडीखालचे रक्त व पाणी बाहेर यावे म्हणून ठेवलेल्या निचऱ्याच्या नळ्या एक-दोन दिवसांत काढतात, कानापुढचे टाके पाचव्या ते सातव्या दिवशी आणि केसांतले टाके किंवा पिना सात ते दहा दिवसांनी. कानापुढचे टाके वेळेवर काढून घेणे महत्त्वाचे, नाहीतर टाक्यांच्या आडव्या खुणा कायमच्या राहतात. जखमेवर खपली जमू देऊ नये. डॉक्टरांनी सांगितलेल्या पद्धतीने ती स्वच्छ करून मलमाचा पातळ थर देत राहावे. ओलसर राहिलेली जखम कोरड्या जखमेपेक्षा चांगली भरते.

गाल आणि कान काही आठवडे, क्वचित काही महिने, बधिर राहतात. कानाच्या पाळीची बधिरता त्याहून लांबू शकते, कारण तिच्याकडे जाणारी नस याच मार्गात येते. बधिर कातडीला भाजलेले कळत नाही. गरम पाण्याची पिशवी, बर्फाचा थेट तुकडा आणि केस वाळवण्याच्या यंत्राची गरम हवा यांनी तिथे फोड येतात. पुरुषांनी या काळात ब्लेडऐवजी ट्रिमर वापरावा.

भात, वांगी, आंबट खाल्ल्याने जखम चिघळते असे घरोघरी सांगितले जाते. त्याला आधार नाही. उलट या दिवसांत डाळी, अंडी, मासे, पनीर अशी प्रथिने भरपूर हवीत. कमी करायचे ते मीठ, म्हणजे लोणची आणि पापड, कारण त्याने सूज रेंगाळते.

आठवी पायरी : व्रणाची वर्षभराची निगा

जखम वरून मिटली तरी आतले काम वर्ष-दीड वर्ष चालू असते. तीन आठवड्यांच्या व्रणात मूळ कातडीच्या जेमतेम पाचव्या हिश्शाइतके बळ असते आणि पुढेही ते सुमारे ऐंशी टक्क्यांच्या वर जात नाही. म्हणून पहिले दीड-दोन महिने व्रणावर ओढ पडू न देणे हीच सर्वांत मोठी निगा. फुल-फेस हेल्मेट घालताना आणि काढताना कान दुमडतो, त्यामुळे किमान महिनाभर दुचाकी बंद ठेवावी. पुण्यात स्कूटरवरून जाताना चेहऱ्याभोवती आवळून बांधतात तसा स्कार्फही नको. त्याचे कापड नेमके कानापुढच्या रेघेवर घासते. जड झुबे, बुगड्या आणि वेल डॉक्टरांनी परवानगी देईपर्यंत डब्यातच राहू द्यावेत. डोक्याला तेल घालून चोळून घेणे दोन महिने टाळावे.

टाके निघून जखम पूर्ण मिटली, कुठेही ओलसरपणा किंवा खपली उरली नाही, म्हणजे साधारण दोन-तीन आठवड्यांनी, सिलिकॉन सुरू करावे. व्रणावर बाहेरून लावायच्या गोष्टींत सर्वाधिक पाठबळ असलेली गोष्ट हीच. सिलिकॉनची चिकटपट्टी दिवसाचे बारा तास किंवा अधिक ठेवायची असते, परंतु आपल्या दमट हवेत ती कानापुढे घामाने सुटते आणि केसांजवळ चिकटतच नाही. म्हणून चेहऱ्यासाठी जेल सोयीचे. जेलचा पातळ थर दिवसातून दोनदा लावून पूर्ण वाळू द्यावा. जाड थर दिला म्हणून फायदा वाढत नाही. हे किमान दोन-तीन महिने नियमित करावे लागते, आणि बहुतेक लोक चौथ्या आठवड्यात कंटाळतात. पुरळ आले तर काही दिवस थांबून पुन्हा सुरू करावे.

दुसरी अत्यावश्यक गोष्ट सनस्क्रीन. ताज्या व्रणावर ऊन पडले की आपल्या त्वचेत तिथे रंगद्रव्य साचते आणि तो काळपटपणा महिनोन्महिने जात नाही. एसपीएफ 30 किंवा अधिक असलेले, दोन्ही प्रकारच्या अतिनील किरणांपासून रक्षण करणारे सनस्क्रीन घ्यावे. सावळ्या त्वचेला दृश्य प्रकाशानेही डाग पडतात आणि तो साध्या सनस्क्रीनने अडत नाही. आयर्न ऑक्साइड असलेले, त्वचेच्या रंगाचे सनस्क्रीन त्यासाठी अधिक उपयोगी ठरते आणि त्याने खूणही झाकली जाते. बाहेर असताना दर दोन तासांनी ते पुन्हा लावावे. कानामागची रेघ लोक विसरतात. केस बांधून दुचाकीवर किंवा समुद्रकिनाऱ्यावर जाणाऱ्याला तिथेही ऊन लागतेच. क्रम असा ठेवावा: आधी सिलिकॉन जेल, ते वाळले की सनस्क्रीन. छत्री आणि रुंद काठाची टोपी यांचा उपयोग कोणत्याही ट्यूबइतकाच आहे.

तिसऱ्या-चौथ्या आठवड्यापासून, डॉक्टरांना दाखवून, हलका मसाज सुरू करता येतो. बोटाचे टोक व्रणावर स्थिर ठेवून दाबावे आणि बोट न घसरवता खालच्या थरावर लहान वर्तुळे काढावीत. दाब इतका की बोटाखालची कातडी क्षणभर फिकी व्हावी. दिवसातून दोन-तीनदा, प्रत्येक वेळी पाच मिनिटे पुरे. कानामागचा टणकपणा आणि खाज याने बरीच कमी होतात.

न करायच्या गोष्टींची यादी लांब आहे, तरी काहींची नावे घ्यायलाच हवीत. ई जीवनसत्त्वाची कॅप्सूल फोडून लावण्याने व्रण सुधारतो असे सिद्ध झालेले नाही आणि अनेकांना त्याची अॅलर्जी होते. लिंबू, बेकिंग सोडा आणि टूथपेस्ट यांनी ताजी कातडी भाजते. दुकानदार चिठ्ठीशिवाय देतो ती स्टिरॉइडमिश्रित ‘गोरेपणाची’ मलमे तर मुळीच लावू नयेत. त्यांनी चेहऱ्याची कातडी पातळ होते, मुरूम उठतात आणि मलम थांबवताच लाली भडकते. रेटिनॉल आणि ग्लायकॉलिक आम्ल असलेली क्रीमे डॉक्टरांना विचारूनच पुन्हा सुरू करावीत.

दर महिन्याला ठरलेल्या तारखेला, एकाच खिडकीच्या उजेडात, केस मागे घेऊन दोन्ही कानांचे पुढून आणि मागून फोटो काढावेत. रोज आरशात पाहणाऱ्याला बदल कळत नाही आणि बिघाडही कळत नाही.

नववी पायरी : व्रण बिघडत आहे असे वाटले तर

दुसऱ्या महिन्यात व्रण लाल आणि किंचित उंच असणे हा बिघाड नव्हे. मात्र तो दोरीसारखा जाड होत चालला, सतत खाजू लागला किंवा दुखू लागला, तर पुढच्या नियोजित भेटीपर्यंत थांबू नये. जाड झालेला व्रण चिरेच्या मर्यादेत राहत असेल तर तो कालांतराने बसण्याची शक्यता असते. कीलॉईड मात्र मूळ चिरेची हद्द ओलांडून निरोगी कातडीवर पसरते आणि आपोआप बसत नाही. दोन्हींसाठी पहिला उपचार बहुधा ट्रायमसिनोलोन या स्टिरॉइडचे व्रणातच दिलेले इंजेक्शन हा असतो. ते साधारण चार ते सहा आठवड्यांच्या अंतराने काही वेळा द्यावे लागते. ते दुखते. त्याने त्या जागी कातडी खोलगट किंवा फिकी होऊ शकते, आणि मधुमेह असलेल्यांनी त्या दिवसांत साखर तपासत राहावी. कीलॉईड नुसते कापून काढले तर ते पुष्कळदा पूर्वीपेक्षा मोठे होऊन परत येते, म्हणून कापण्याबरोबर इंजेक्शने, दाब देणारे कर्णभूषण किंवा किरणोपचार यांची जोड लागते.

काळपट डागांसाठी अॅझेलेइक आम्ल किंवा हायड्रोक्विनोन त्वचारोगतज्ज्ञाच्या देखरेखीखाली वापरतात. लेझरने लाली आणि खरखरीतपणा कमी होतो, परंतु सावळ्या त्वचेवर चुकीच्या तीव्रतेचा लेझर स्वतःच डाग पाडतो. त्यामुळे आधी कानामागे लहानशा जागेवर चाचणी घेऊन काही आठवडे थांबण्याचा आग्रह धरावा. चिरेच्या आसपासचे केस गळले तर घाबरू नये, ते बहुतांशी काही महिन्यांत परत येतात.

रुंद झालेला व्रण, ओढली गेलेली पाळी किंवा केस न उगवलेला चट्टा यांची शस्त्रक्रियेने दुरुस्ती करता येते, पण ती साधारण वर्षभरानंतर, कातडी सैलावल्यावर आणि व्रण पक्व झाल्यावर. पाळीच्या दुरुस्तीत कातडी पुन्हा थोडी सुटी करून पाळी ताणाविना बसवतात, आणि चट्ट्यात केसांचे रोपण करतात. दुरुस्तीसाठी दुसऱ्या डॉक्टरांकडे जायचे असेल तर पहिल्या शस्त्रक्रियेची लेखी नोंद रुग्णालयाकडून मागून घ्यावी आणि महिन्यागणिक काढलेल्या फोटोंबरोबर ती सोबत न्यावी. स्मासशी काय केले गेले आणि कातडी कुठवर सुटी केली होती हे त्या नोंदीतच असते, आणि पुन्हा किती कातडी सुरक्षितपणे उचलता येईल याचा अंदाज त्यावरून घेता येतो.